चाळिशीनंतरची शागिर्दी

गेल्या आषाढातली गोष्ट. पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती आणि फतेगंजातल्या एका जुन्या घराच्या जिन्यापाशी मी गिटार काखोटीला मारून उभा होतो. वर जावे की आल्या पावली परतावे, याचा निर्णय होत नव्हता. बावीस वर्षे मी या बडोद्यात मुलांना गाणे शिकवीत आलो आहे. दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत पुष्कळ घरांतून मला 'सर' म्हणून ओळखतात. अशा माणसाला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पाठीवर गिटारीची पिशवी घेऊन कोणा अनोळखी मास्तरांच्या दारात उभे राहिलेले एखाद्या पालकाने पाहिले तर त्याला काय सांगावे, याची मी मनात जुळवाजुळव करीत होतो. 'मुलीची गिटार दुरुस्तीला आणली आहे' हे उत्तर मला त्यातल्या त्यात बरे वाटले. शिवाय ते अगदीच खोटे नव्हते.

गिटार खरोखरच मुलीची. ती शिक्षणासाठी पुण्यास गेली आणि वाद्य घरी राहिले. ज्या खुंटीला वडिलांचा दिलरुबा असतो, तिच्या शेजारच्या खुंटीवर ते गेले. वडील राजवाड्याच्या चाकरीतले. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, तरी वाड्यावरच्या सणासमारंभांना त्यांची हजेरी पुढेही बरीच वर्षे चालू होती. गिटारीबद्दल त्यांचे मत चांगले नव्हते. पण १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्यांच्या मताला तडा गेला. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काब्रांची मींड ऐकून वडील म्हणाले होते म्हणे, "या डब्याला लोखंडाच्या कांडीने गायला लावलंय!" त्यांच्या तोंडी ही मोठीच दाद होती.

इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण आपल्याकडच्या जुन्या मंडळींत हा घोटाळा नेहमी होतो. काब्रांची गिटार ती हवाईयन पद्धतीची. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हाताने तारेवर पोलादी कांडी फिरवायची. तिला पडद्यांचे बंधन नाही, त्यामुळे मींड, गमक सगळे निघते. विश्वमोहन भट्टांनी पुढे तिच्यातच फेरफार करून मोहनवीणा केली आणि १९९४ साली त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आमच्या खुंटीवरची होती ती स्पॅनिश पद्धतीची, नायलॉनच्या तारांची. तिथे बोटाने तार पडद्यावर दाबावी लागते. हिंदुस्थानी गाणे जाणणाऱ्याने शिकायचीच तर हवाईयन शिकावी, हे मलाही कळत होते. दोन महिन्यांत त्यावर यमन उतरला असता. पण मग मी शिकाऊ उरलो नसतो. नव्या वाद्यावरही सरच राहिलो असतो. हे कारण मागाहून सुचलेले आहे, हेही कबूल करतो. खरे कारण एवढेच की घरात जी होती ती घेतली.

फतेगंजातल्या त्या जिन्यापर्यंत पोचण्याआधी दोन ठिकाणी माझी शागिर्दी होऊन गेली होती. पहिला वर्ग एका झगझगीत इमारतीतला. शिकवणारा मुलगा पंचवीस वर्षांचा, गोड स्वभावाचा, मला 'अंकल' म्हणणारा. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, "अंकल, कुठलं गाणं वाजवायचंय?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्याच्या वर्गातल्या पंधरा वर्षांच्या मुलांकडे मात्र दहा-दहा उत्तरे होती, आणि चार कॉर्ड शिकून ती महिन्याभरात आपापली गाणी वाजवूही लागली. त्यांच्यापुरते त्याचे काहीच चुकत नव्हते. माझी अडचण वेगळी होती. मला प्रत्येक गोष्टीचे 'का' हवे होते आणि त्याच्याजवळ फक्त 'असे' होते. एकदा मी म्हटले, या तारांच्या मेळात गंधार चढा लागतो आहे. त्याने फोन काढला, तार छेडली आणि पडद्यावरचा हिरवा दिवा मला दाखवला. "बरोबर आहे, अंकल." यंत्राने निकाल दिल्यावर मी काय बोलणार? सहा आठवड्यांनी मी गोड बोलून रजा घेतली.

दुसरे गृहस्थ परीक्षांची तयारी करून घेणारे, शिस्तीचे. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, बोटे मागे वाकवून पाहिली, वैद्याने नाडी पाहावी तशी, आणि म्हणाले, "चाळिशीनंतर सांधे वळत नाहीत हो. हौस म्हणून करा. फार अपेक्षा ठेवू नका."

त्या वाक्याने मी दुखावलो. पण का दुखावलो ते घरी पोचेपर्यंत उमगले नाही. ते वाक्य माझेच होते.

सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काकू गाणे शिकायला आल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, घरचे सगळे आटोपलेले, आणि लहानपणापासून जी इच्छा होती ती आता पुरी करायची म्हणून वही-पेन्सिल घेऊन आलेल्या. मी त्यांना मुलांच्या प्रारंभिकच्या वर्गात बसवले. परीक्षेला वरच्या वयाची अट नाही, मग वर्गाला तरी कशाला, असा माझा उदार विचार. आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत त्या जमिनीवर बसत, उठताना भिंतीचा आधार घेत. पेटी मुलींच्या सोयीने काळी पाचला लावलेली असे. काकूंचा आवाज वरच्या षड्जाला चिरके. मुली हसत. मी मुलींना रागावे आणि काकूंना म्हणे, "या वयात आवाज एवढाच चालायचा, काकू. आपण भजनापुरतं करू." चौथ्या महिन्यात त्यांनी फी पाकिटात घालून नातवाच्या हाती पाठवली आणि त्या यायच्या थांबल्या. मला, खरे सांगायचे तर, थोडे हायसेच वाटले होते.

हे सगळे डोक्यात घेऊन मी त्या ओल्या जिन्याशी उभा होतो. शेवटी वरून कोणीतरी खोकले, आणि आता पाहिलेच म्हणून चढलो.

मास्तर मूळचे गोव्याचे. उमर सत्तरीच्या पलीकडची. रेल्वेच्या नोकरीत बडोद्यास आले आणि इथलेच झाले. गोव्याच्या देवळांतून आपल्याला गवई मिळाले तसे तिथल्या चर्चच्या शाळांतून वादक मिळाले. त्या शाळांत लहानपणीच सुरांचे वाचन पक्के करून घेत, म्हणून पुढे अनेक संस्थानांच्या बँडांत आणि मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे लोक दिसत. मास्तरांच्या मराठीत कोकणी आणि गुजराती दोन्ही होत्या. मी वय, व्यवसाय, आधीचे दोन गुरू, सारे एका दमात सांगून टाकले. त्यांनी ऐकले न ऐकलेसे करून गिटार मागितली आणि म्हणाले, "आधी ही बसू दे. मग तुम्ही बसा."

पुढची पंधरा-वीस मिनिटे त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलेही नाही. गिटार डोळ्यांसमोर धरून बंदुकीचा नेम धरावा तशी तिच्या मानेवरून नजर टाकली. पोलादी पट्टी काढून बाराव्या पडद्यावर तारेची उंची मोजली. जाड तार पडद्यापासून साडेपाच मिलिमीटर वर होती. "चारच्या आसपास पाहिजे. बारीक तार तीनवर. ही दाबायला पैलवान लागेल. किती दिवस वाजवता?" मी म्हटले, सात महिने. त्यांनी प्रथमच माझ्या हाताकडे पाहिले. बोटांच्या शेंड्यांवरचे घट्टे पाहून म्हणाले, "मग सांधे चांगले आहेत तुमचे."

घोडीवरची पांढरी पट्टी काढून ते खरकागदावर घासायला बसले. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो. म्हणून तिथे एक मिलिमीटर उतरवायचा तर घोडीवर दोन मिलिमीटर घासावे लागतात, हे त्यांनी घासता घासता सांगितले. मग मेरूवरच्या खाचा बारीक कानशीने खोल केल्या, कारण पहिल्या पडद्यावर तार जड लागते ती घोडीमुळे नव्हे, मेरूमुळे. त्या दिवशी शिकवणे झालेच नाही. घरी येऊन मी पहिल्या पडद्यावर बोट ठेवले, आणि जो स्वर सात महिने दातओठ खाऊन काढीत होतो तो सहज वाजला.

मला शरम वाटली ती माझ्या अडाणीपणाची. मी तंबोऱ्याच्या घरात वाढलेला माणूस. जवारी लागलेली नसेल तर वडील गवयाला बोल लावीत नसत. घोडीवरचा दोरा पुढेमागे सरकवीत, तास तास घालवीत. मिरजेहून आलेला नवा तंबोराही ते लावून पाहिल्याखेरीज मान्य करीत नसत. तीच गोष्ट परक्या वाद्याची असू शकेल, हे माझ्या मनातही आले नाही. आणि ज्यांना हे ठाऊक असायला हवे होते त्यांनी वाद्याकडे न पाहता माझ्या वयाकडे पाहिले.

गंधाराची तक्रार मी मास्तरांकडेही नेली. ते हसले नाहीत. "म्हणजे कान आहे," म्हणाले. गिटारीचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार उठतो, त्याच्याहून हा पडद्यावरचा गंधार अर्ध्या सुराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा. रोज तंबोऱ्यात बसणाऱ्याच्या कानाला तो खुपणारच. याच समान वाटणीच्या खोडीपायी आणि मींड निघत नाही म्हणून आपल्याकडे पेटीवर केवढा गहजब झाला! आकाशवाणीने १९४० साली तिला जी बंदी केली ती १९७१ पर्यंत. मास्तरांनी तिसरी तार किंचित उतरवली आणि ई मेजर कॉर्ड वाजवला. गंधार मधासारखा विरघळला. लगेच त्याच तारांवर त्यांनी जी मेजर वाजवला, आणि मी तोंड वाकडे केले. मोकळी तिसरी तार जाड तारेवरच्या आपल्याच सुराशी भांडत होती. "पांघरूण एवढंच आहे," मास्तर म्हणाले, "डोक्यावर ओढलं की पाय उघडे. म्हणून सगळ्यांनी थोडी थोडी थंडी सोसायची." बारा सुरांच्या समान वाटणीवर मी पुस्तके वाचली आहेत, विद्यार्थ्यांना टिपणे दिली आहेत. तिचा न्याय मात्र मला त्या दिवशी कळला. पटला असे अजूनही म्हणवत नाही.

मग खरा रियाज सुरू झाला. जुलियानी नावाच्या इटालियन वादकाने दोनशे वर्षांपूर्वी उजव्या हातासाठी एकशेवीस पाठ रचून ठेवले आहेत. एकशेवीसही पाठ दोनच कॉर्डांवर, सी आणि जी सेव्हन. डाव्या हाताला काम जवळपास नाहीच. बदलतो तो केवळ अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका यांचा क्रम. चार बोटांची ही नावे मास्तर स्पॅनिश अक्षरांनी सांगत आणि मी मनात आपली घालीत असे. मला एकदम घरी आल्यासारखे झाले. हे तर पलटे! 'सारेग, रेगम' करीत ज्याचे बालपण गेले त्याला या एकशेवीसांचे भय नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला हे दिले तर तो दुसऱ्या आठवड्याला पळेल. चाळिशी ओलांडलेल्याला कंटाळ्याची सवय झालेली असते. उशिरा शिकणाऱ्याच्या पदरात काहीच नसते असे नाही, ते कुठल्या खिशात आहे हे चाचपून पाहणारा मास्तर मात्र हवा.

माझ्या या उपद्व्यापावर घरची मंडळी हसत, तेव्हा मी केसरबाईंचे नाव पुढे करीत असे. केसरबाई केरकरांचा जन्म १८९२ चा, गोव्यातल्या केरीचा. अब्दुल करीम खाँ, वझेबुवा, भास्करबुवा बखले अशा एकाहून एक गुरूंकडे थोडे थोडे शिकून, १९२१ च्या सुमारास, तिशीच्या उंबरठ्यावर त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शागिर्द झाल्या. आणि खाँसाहेब १९४६ साली जाईपर्यंत त्यांच्याच राहिल्या. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तबकड्या बाजारात होत्या, नाव झाले होते, तरी ते मंजी खाँसाहेबांपुढे विद्यार्थी म्हणून बसले. पण ही उदाहरणे माझ्या कामाची नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. ते सारे तयारीचे गवई होते. माझे आणि काकूंचे 'सा'पासूनचे होते. शिवाय गुरू शोधताना केसरबाईंनी जे दारोदार फिरणे सोसले, तितके सोसायची आमच्यासारख्यांना गरजही नसते आणि छातीही.

आमच्या गावाला तर हा प्रश्न नवा नसावा. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. सूरसागराकाठी आज विद्यापीठाचे जे संगीत महाविद्यालय उभे आहे, त्याची परंपरा तिथपासूनची. घराण्याबाहेरच्या माणसालाही गाणे शिकता यावे म्हणून मौलाबक्षांनी स्वरलिपी बांधली, क्रमिक पुस्तके काढली. पुढे १९१६ साली भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही इथेच भरली. भातखंडे स्वतः वकील. दरबाराच्या किंवा घराण्याच्या वाटेने न आलेले. ज्याच्या घरात गाणे नाही त्याला दार उघडून देण्याचे फार मोठे काम या दोघांनी केले, याबद्दल दुमत नाही. मात्र शाळा आली की इयत्ता आली, आणि इयत्ता आली की वय आले. उस्तादाच्या घरी कोण किती वर्षांचा हे कोणी विचारीत नसे. तिथे विचारीत ते दुसरेच प्रश्न, आणि ते अधिक वाईट होते. आज माझ्यासारखा मास्तर दोन्हीकडचे उरलेसुरले घेऊन बसला आहे. वर्ग शाळेसारखा, तोरा उस्तादासारखा.

असो. गुरू कसा शोधावा, असे आता मला लोक विचारतात, कारण माझी गिटारीची बातमी अखेर फुटलीच. मी एवढेच सांगतो, की पहिल्या दिवशी तो कशाकडे पाहतो ते पाहा. फी, पदव्या, भिंतीवरची छायाचित्रे ही नंतर. महिनाभर एकट्याने शिकून पाहावे, पैसे आगाऊ भरू नयेत, आणि चुकीचे घर लागले तर भीडेपायी वर्ष काढू नये. मी सहा आठवडे भीडेने काढले आणि पुढचे पाच महिने अहंकाराने. मास्तरांकडे माझ्याआधी रेल्वेतल्याच एका पासष्टीच्या गृहस्थांची वेळ असते. त्यांना एकच लग्नातली धून वाजवायची आहे, नातीच्या लग्नात. मास्तर त्यांना जुलियानी दाखवीतही नाहीत. तीच धून, तुकड्या-तुकड्याने, आठ महिने चालली आहे. कोणाला एकशेवीस आणि कोणाला एक, हे ठरवण्यात मास्तरांची सगळी विद्या आहे असे मला कधी कधी वाटते.

त्या पांढऱ्या पट्टीचा विचार माझ्या मनातून जाईना. साडेपाच मिलिमीटरची तार आणि काळी पाचची पेटी. काकूंना मी कधी एकटीला बसवून त्यांचा षड्ज कुठे आहे हे विचारलेच नव्हते. पाच मिनिटांचे काम. कोणाही नवशिक्या गवयाचे ते पहिले काम.

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचे ते घोकून गेलो होतो: पुन्हा या, तुमची वेगळी वेळ ठेवतो, खुर्चीवर बसा, तुमच्या स्वरात लावू. दार त्यांनीच उघडले. "सर, तुम्ही!" म्हणून आत नेले. दिवाणखान्यात पेटी उघडी होती. मी माझे भाषण सुरू केले, आणि त्यांनी ते निम्म्यावर, अगदी अदबीने, थांबवले.

"अहो, मी शिकते आहे की! दीड वर्ष झालं."

कोणाकडे? तर माझ्याकडूनच विशारद झालेल्या एका मुलीकडे. चोवीस वर्षांची पोर. दर गुरुवारी दुपारी घरी येते. "पहिल्या दिवशी तिनं पेटीवर एकेक पट्टी दाबून मला नुसतं 'आ' करायला लावलं," काकू म्हणाल्या, "आणि पांढरी चारला थांबली. म्हणाली, आजी, तुमचं घर इथं आहे."

मी त्या मुलीला हे शिकवले नव्हते. ती माझ्याच वर्गात काळी पाचवर शिकली होती आणि काकूंवर हसणाऱ्या मुलींतही ती असावी. हे तिला कुठे सुचले ते विचारायचे मी ठरवले आहे, अजून विचारलेले नाही.

काकूंनी भूप गायला. वरचा षड्ज लागला, थोडा कापरा, पण जागेवर. मग पेटीचा भाता बंद करून त्या म्हणाल्या, "तुमची ती गिटार कुठवर आली म्हणे?"

"एकशेवीसपैकी एकोणतिसावा पाठ, काकू."

"अगोबाई, पुष्कळ राहिलेत की अजून," असे म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या.